बायोडाटातला जातीचा रकाना कोणासाठी भरता?

मूलच्या बसस्टँडच्या आसपास कोणत्याही ऑनलाइन सेंटरवर जा आणि "भाऊ, एक बायोडाटा काढून द्या" म्हणा. सेंटरवाल्याकडे फाईल तयारच असते. आधीच्या पोराचं नाव खोडायचं, तुमचं टाकायचं, दहावी-बारावीचे टक्के बदलायचे, प्रिंट काढायची. दहा मिनिटांचं काम. वर मधोमध ठळक अक्षरात 'बायोडाटा'. मग नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म : बौद्ध, जात : महार, प्रवर्ग : अनु. जाती, वैवाहिक स्थिती : अविवाहित, राष्ट्रीयत्व : भारतीय, छंद : वाचन व क्रिकेट. तळाशी 'वरील सर्व माहिती सत्य आहे' अशी शपथ आणि सही.

आमच्या रविवारच्या वर्गात आलेले असे बायोडाटे आम्ही एका फाईलीत जमा करून ठेवले आहेत. वरची नावं झाकली तर कोणता कोणाचा हे त्या पोरांनाही सांगता येणार नाही. पोरगा धान गिरणीत चार वर्षं राबलेला असो की पोरगी महिला बचत गटांचे हिशेब सांभाळणारी असो, कागदावर दोघंही सारखेच : 'अनुभव : नाही'. आणि जातीचा रकाना मात्र सगळ्यांत न चुकता भरलेला. खासगी कंपनीच्या जाहिरातीत तो कोणी मागितलेला नसतो. आमची पोरं तो स्वतःहून भरून देतात.

म्हणजे जे कोणी विचारलं नाही ते पहिल्या पाच ओळींत, आणि जे समोरच्याला हवं आहे ते कुठेच नाही. आमचं भांडण या कागदाशी आहे.

हा साचा आला कुठून? आमच्या मते दोन ठिकाणांहून. एक लग्नाचा बायोडाटा. सेंटरवाला दोन्ही एकाच फाईलीतून काढतो, म्हणून नोकरीच्या कागदावर रक्तगट आणि उंचीसुद्धा सापडते. (एका पोराच्या बायोडाटावर 'वर्ण : निमगोरा' असं होतं. तो हिशेबनीसाच्या जागेसाठी अर्ज करत होता.) दुसरं ठिकाण म्हणजे सरकारी अर्ज. आमच्या आजोबा-वडिलांच्या पिढीला नोकरी म्हणजे सरकारी नोकरीच ठाऊक होती, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. संविधानाच्या कलम १६ नं जी दारं उघडली ती सरकारी नोकरीची. रेल्वे, पोस्ट, वेकोलिच्या खाणी, दुर्गापूरचं वीज केंद्र, जिल्हा परिषदेच्या शाळा, यांत आमची पहिली शिकलेली पिढी शिरली ती त्याच रकान्याच्या बळावर. जातीचा दाखला हे तिथलं हत्यार होतं आणि आजही आहे. म्हणून तो रकाना भरणं ही आमच्या हाताची सवय होऊन बसली.

पण सरकारी अर्जातला तो रकाना अधिकार आहे. तिथे तो भरायचाच, वैधता प्रमाणपत्रासकट भरायचा. खासगी अर्जात तीच ओळ म्हणजे आपण होऊन दुसऱ्याच्या हातात दिलेली एक गोष्ट आहे, आणि तिचं त्यानं काय केलं हे आपल्याला कधीच कळत नाही. नकाराचं पत्र येत नाही. फक्त फोन येत नाही.

आता कोणी म्हणेल, खासगीच्या मागे लागायचंच कशाला? सरकारी भरतीची तयारी करा. करा ना, जरूर करा. पण हिशेब समोर ठेवून करा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज १० लाखांच्या वर गेले. शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीव प्रवर्गाला ९०० रुपये. ज्या घरात धानाच्या हंगामानंतर मायबाप तेलंगणात मिरची तोडायला जातात त्या घरातून हे ९०० रुपये निघतात, एका पोरामागे वर्षातून तीन-चार भरत्यांसाठी निघतात. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला शासनानं ९ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. राज्यभर ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. निर्णय गेला, कंत्राटी पद्धत कुठे गेली? आज सरकारी इमारतीतसुद्धा संगणकावर बसलेला मुलगा, दारावरचा रक्षक, रुग्णालयातली सफाई कामगार बाई यांतलं कोण शासनाचं आणि कोण एजन्सीचं हे विचारून पाहा. एजन्सीच्या दारात बिंदुनामावली नसते. तिथे चालतो तो तुमचा कागद आणि कोणाची तरी ओळख. ओळख आमच्याकडे नाही. उरला कागद.

चळवळीतल्या काही साथींचा आमच्या वर्गाला विरोध आहे. त्यांचं म्हणणं, खासगी क्षेत्रात आरक्षणाची लढाई लढायची सोडून तुम्ही पोरांना मालकाला आवडेल असा कागद लिहायला शिकवता, ही शरणागती आहे. आम्ही हा मुद्दा हलक्यात घेत नाही. खासगी क्षेत्रात प्रतिनिधित्वाची मागणी आमचीही आहे. २००६ साली केंद्र सरकारनं विषय काढला तेव्हा उद्योगपतींच्या संघटनांनी कायदा टाळून स्वेच्छेनं पावलं उचलण्याची आचारसंहिता पुढे केली. स्वेच्छेनं काय होतं हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण कायदा होईल तेव्हा होईल. त्या पोरीला उद्या अर्ज करायचा आहे आणि तिचं वय थांबत नाही.

आणि आम्ही तिला जे शिकवतो ते मालकाला आवडण्याचं शास्त्र नाही. ते का, हे सांगायला थोडं अभ्यासाकडे जावं लागेल.

प्रा. सुखदेव थोरात हे नाव आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. त्यांनी आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी एक साधा प्रयोग केला. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती बघायच्या आणि प्रत्येक जाहिरातीला एकाच दर्जाची पात्रता असलेले, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवायचे. एक नाव सवर्ण हिंदू वाटेल असं, एक दलित वाटेल असं (हा शब्द अभ्यासकांचा, आमचा नव्हे), एक मुस्लिम. जातीचा रकाना नव्हता. फक्त नाव. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निष्कर्ष छापून आले. सवर्ण नावाला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याची शक्यता १ धरली तर दलित नावाला ०.६७, मुस्लिम नावाला ०.३३. शिक्षण तेच. मेरिट तेच.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत बोस्टन आणि शिकागोमध्ये बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांनी असाच प्रयोग केला, २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गोऱ्यांच्या वाटणाऱ्या नावांना काळ्यांच्या वाटणाऱ्या नावांपेक्षा ५० टक्के जास्त फोन आले.

पण आम्हाला वर्गात सर्वात उपयोगी पडला तो तिसरा अभ्यास, दिल्लीतलाच, २००९ साली प्रसिद्ध झालेला. बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटर अशा दोन प्रकारच्या नोकऱ्यांना अर्ज पाठवले. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीनुसार फरक आढळला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत आढळला, तिथे ओबीसी नावांनाही फटका बसला, आमच्यापेक्षा जास्तच बसला. आता विचार करा, असं का? सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला काय येतं हे मोजता येतं. कॉल सेंटरमध्ये 'बोलणं-वागणं' बघतात, आणि 'बोलणं-वागणं' म्हणजे काय हे ठरवताना बघणारा आपल्या डोक्यातलं चित्र पुढे करतो. जिथे मोजायला काही नसतं तिथे नाव मोजलं जातं.

आमच्या वर्गाचा पाया हाच आहे. कागदावर मोजता येणाऱ्या गोष्टी जितक्या जास्त, तितकी नावाला खेळायला जागा कमी. कागद मालकाला आवडावा म्हणून आम्ही तो लिहीत नाही. त्याला 'पात्र उमेदवार मिळाला नाही' असं म्हणता येऊ नये म्हणून लिहितो.

हा कागद सगळं बदलेल असा आमचा भ्रम नाही. बाबासाहेबांपेक्षा भारी बायोडाटा कोणाचा असणार? १९१५ साली कोलंबियाची एम.ए. घेतलेला माणूस १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर गेला तर राहायला खोली मिळेना. पारशी खानावळीतून अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. त्यांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवलं आहे. मुंबईत परत येऊन त्यांनी शेअर्सच्या व्यवहारांबद्दल सल्ला देणारी फर्म काढली, तर सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटलं. पुढे १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले तर तिथेही काही सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. पण एक बघा. या सगळ्या काळात त्यांनी पदव्या मिळवणं, लिहिणं, अर्ज करणं यांपैकी काहीही थांबवलं नाही.

आता त्या पोरीची गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे आमचीच एक चूक आमच्या पदरात पडली.

मूल तालुक्यातल्याच एका खेड्यातली. बी.कॉम., एमएससीआयटी, इंग्रजी टायपिंग ४० ची परीक्षा पास. अकरा ठिकाणी अर्ज केले होते, एकाही ठिकाणाहून फोन नाही. बायोडाटा वर सांगितला तसाच. पत्त्यात 'भीमनगर, बौद्ध विहाराजवळ'. छंद 'वाचन व रांगोळी'. आम्ही तिला नेहमीचा प्रश्न विचारला, सकाळी उठल्यापासून तू काय काय करते ते सांग. तासाभरानं फळा भरला. सात बचत गटांच्या नोंदवह्या ती तीन वर्षांपासून लिहीत होती. बँकेत कर्जप्रकरणं तीच घेऊन जायची. वस्तीच्या जयंती समितीची ती कोषाध्यक्ष होती, वर्गणीच्या पावत्या फाडण्यापासून हिशेब विहारात वाचून दाखवण्यापर्यंत सगळं तिच्याकडे. आणि शेवटी, तेही तिनं लाजत सांगितलं, मायसोबत दोन हंगाम खम्ममकडे मिरची तोडायला गेल्यामुळे तिला तेलुगू बोलता येत होतं.

आम्ही लगेच कात्री चालवली. जातीचा रकाना काढला. धर्म, वैवाहिक स्थिती, राष्ट्रीयत्व काढलं. पत्ता 'मु. पो., ता. मूल, जि. चंद्रपूर' इतकाच ठेवला. बचत गटाचं काम वर आणलं. आणि जयंती समितीचं काम आलं तेव्हा आम्ही म्हणालो, हे राहू दे, त्यांना कळेल.

ती म्हणाली, "कळू द्या ना. मंग तीन वर्षं मी जे केलं ते कुठं लिहू? की केलंच नाही म्हणू?"

आम्ही थोडा वेळ गप्पच होतो. समाजशास्त्र शिकलेली माणसं आम्ही, आणि आम्हीच तिला बाबासाहेबांचं नाव तिच्याच कागदावरून खोडायला सांगत होतो. वर्गात बराच वाद झाला. एका बाजूचे म्हणाले, मग जातही ठेवा, लपवता कशाला? वर 'जय भीम' लिहा, ज्याला घ्यायचं तो घेईल. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, पोट भरल्यावर स्वाभिमान. दोन्ही बाजूंचं आम्हाला पटलं नाही.

जात ही तिनं केलेली गोष्ट नाही. तिच्यावर लादलेली, जन्मानं चिकटवलेली गोष्ट आहे, आणि तिची नोंद देण्याचं खासगी मालकाशी तिचं काही देणं लागत नाही. जयंती समितीचं कोषाध्यक्षपद मात्र तिनं केलेलं काम आहे. एक जन्म, एक कर्म. यांतला फरक आपल्याला बुद्धानं शिकवला आणि आम्ही तोच विसरलो होतो. म्हणून जातीचा रकाना जातो आणि समितीचं नाव पूर्ण राहतं : 'कोषाध्यक्ष, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती उत्सव समिती. तीन वर्षं वर्गणी, खर्च व पावत्यांचा हिशेब ठेवला, दरवर्षी जाहीर सभेत सादर केला.' गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार हे अभिमानानं लिहितो. आम्ही का नाही?

नाव बदलण्याचा सल्लाही काही हुशार लोक देतात. आडनाव गाळा, नुसतं वडिलांचं नाव लावा. रामटेके, खोब्रागडे, मेश्राम ही आडनावं गाळून काय होणार? आमची नावंच सम्यक, प्रज्ञा, राहुल, यशोधरा. १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपूरच्या धम्मदीक्षेनंतर या जिल्ह्यातल्या घराघरांत ती नावं आली, आणि आम्ही ती फोन यावा म्हणून झाकणार नाही. शिवाय दाखल्यावर एक आणि अर्जावर दुसरं असं नाव पुढे पगाराच्या खात्यात आणि भविष्य निर्वाह निधीत त्रास देतं. ते वेगळंच.

त्या पोरीला नव्या कागदावर दोन ठिकाणांहून फोन आले. एका ठिकाणी मुलाखतीत विचारलं, "हे आडनाव म्हणजे तुम्ही कोण?" ती म्हणाली, "मी बी.कॉम. आहे, सर." तिथून पुन्हा फोन आला नाही. दुसऱ्या ठिकाणी, एका रुग्णालयात, नोंदणीच्या खिडकीवर सीमेपलीकडून येणाऱ्या रुग्णांशी तेलुगूत बोलू शकणारी व्यक्ती हवी होती. तिला घेतलं. ११ महिन्यांचा करार, पगार सांगण्यासारखा नाही. पण ज्या भाषेची तिला लाज वाटत होती त्याच भाषेनं दार उघडलं.

म्हणून भाषेबद्दल जरा जास्त बोलू. आमच्या पोरांच्या बायोडाटात 'अवगत भाषा : मराठी, हिंदी, इंग्रजी' हे छापील असतं. इंग्रजी येत नसली तरी असतं. आणि जी येते ती नसते. गडचिरोली-चंद्रपूरच्या या पट्ट्यात कोणाला गोंडी समजते, कोणाला माडिया, कोणाला तेलुगू, भामरागड-एटापल्ली-सिरोंच्यात काम केलेल्यांना दोन-दोन येतात. आरोग्य, बँका, सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्या, सर्वेक्षणं करणाऱ्या संस्था, सुरजागड-कोनसरीकडचे कंत्राटदार, या सगळ्यांना स्थानिकांशी बोलणारा माणूस लागतो. पुण्याहून आलेल्या एमबीए पोराला जे जमणार नाही ते तुम्हाला जमतं. लिहा, आणि खरं लिहा : 'तेलुगू : बोलता येते, वाचता येत नाही'. खोटं लिहिलं तर पहिल्याच मिनिटात उघडं पडतं.

धान गिरणीतल्या पोराकडे येऊ. चार वर्षांचं काम आणि 'अनुभव : नाही', कारण त्याच्या मते अनुभव म्हणजे ऑफिसातला. त्याला विचारलं तर तो धानाचा ओलावा मीटरनं मोजतो, सॉर्टेक्स मशीन लावतो, कणी आणि कोंडा वेगळा तोलतो, सरकारी भरडाईत क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ जमा करायचा तो हिशेब तोंडपाठ, बारदान्याची नोंद त्याच्याकडे. हे सगळं गुणवत्ता तपासणी आणि साठा नोंदणीचं काम आहे. मालकानं नेमणूकपत्र दिलं नाही म्हणून काम झालंच नाही असं नसतं. 'धान गिरणी, मूल, चार वर्षं' असं लिहून खाली ही कामं लिहायची. नेमणूकपत्र मागितलं तर खरं सांगायचं की मालक पत्र देत नव्हता.

तसंच ग्रामसभेचं. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आपल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये. अशा गावांतली पोरं बांबूचे बंडल मोजतात, मजुरीचं हजेरीपत्रक ठेवतात, लिलावाची कागदपत्रं बघतात. वनव्यवस्थापनाची पदवी नाही म्हणून हे लिहायचं नाही? झाडीपट्टीच्या नाटकात हंगामभर वडसा-नवरगाव करत रात्रीच्या प्रयोगांचं तिकीट, मंडप आणि ध्वनी सांभाळणारा पोरगा बायोडाटात 'छंद : नाटक' लिहितो. अरे, रात्री दीड हजार माणसं बसवून पहाटे हिशेब जुळवणं हा छंद आहे का?

१४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीनं मिलानच्या सत्ताधीशाला नोकरीसाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा प्रसिद्ध आहे. लग्नाबाहेर जन्मल्यामुळे बापाचा नोटरीचा पेशा त्याला बंद होता. पत्रात त्यानं बाप, कुळ काही सांगितलं नाही. मी हलवता येतील असे पूल बांधू शकतो, तोफा बनवू शकतो, किल्ल्याभोवतीच्या खंदकातलं पाणी काढू शकतो, अशी क्रमानं कामं सांगितली. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी, कारण त्या सत्ताधीशाला तेव्हा लढायांची गरज होती. समोरच्याला काय हवं ते ओळखून आपल्यातलं ते वर आणायचं. पाचशे वर्षांपूर्वीचा धडा, आणि आमचा सेंटरवाला अजून सगळ्यांना एकच फाईल देतो.

बारीकसारीक गोष्टी पटकन सांगून टाकतो. एकच पान पुरे, फार तर दोन. 'आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या प्रगतीत योगदान देणे' हे उद्दिष्ट काढून टाका, ते कोणी वाचत नाही. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपीत केलेली फाईल समोरच्याच्या संगणकावर किडे-मुंग्यांसारखी दिसते. कागदाचा व्हाट्सॲपवर फोटो पाठवू नका, पीडीएफ पाठवा. मोठ्या कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर अर्ज चाळतं, त्याला फोटोतली अक्षरं आणि रंगीत चौकटी नीट वाचता येत नाहीत. गावात रेंज नसते, म्हणून दुसरा नंबर द्या, पण ज्याचा दिला त्याला सांगून ठेवा. ईमेलचं नाव 'भीमटायगर' किंवा 'किंगऑफमूल' असेल तर नवा काढा, फुकट असतो. राज्याच्या धोरणात उद्योगांनी ८० टक्के स्थानिक घ्यावेत असं आहे, म्हणून तालुका-जिल्हा आणि अधिवास प्रमाणपत्र असल्याची ओळ स्पष्ट ठेवा. मूळ कागदपत्रं आणि पैसे मात्र कोणत्याही 'लावून देतो' म्हणणाऱ्याला देऊ नका.

एक प्रश्न हमखास येतो : चार वर्षं पुण्या-नागपुरात एमपीएससी केली, निघाली नाही, ती वर्षं कुठे लपवू? लपवू नका. 'स्पर्धा परीक्षेची तयारी' असं साल टाकून लिहा. पूर्वपरीक्षा पास झाली असेल तर तेही. अभ्यासिका चालवली, धाकट्यांना शिकवलं, खोलीचा खर्च भागवायला रात्रपाळी केली, ते सगळं लिहा. रिकामी जागा दिसली की समोरचा ती आपल्या मनानं भरतो.

आणि मुलाखतीतला 'फॅमिली बॅकग्राउंड'. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीत मोठ्या कंपन्यांच्या २५ भरती अधिकाऱ्यांशी बोलून २००७ मध्ये लेख लिहिला. आम्ही जात बघत नाही, फक्त मेरिट बघतो, असं म्हणणारे हेच अधिकारी कुटुंबाची पार्श्वभूमी विचारणं मात्र अगदी रास्त मानत होते. वडील काय करतात, किती शिकलेले, घरी कोण कोण. जात न विचारता जात विचारण्याची ही सोय. आमची पोरं इथे मान खाली घालतात. आम्ही वर्गात याचा सराव करून घेतो, एकमेकांना साहेब बनवून. "वडील मजुरी करतात, माय मजुरी करते, त्यांनी दोघा भावंडांना पदवीपर्यंत शिकवलं. घरातली मी पहिली पदवीधर." एवढंच, सरळ बघून, आणि लगेच कामाचं बोलायचं. पहिल्या वेळी बहुतेकांचा आवाज कापतो. चौथ्या-पाचव्या वेळी कापत नाही.

ती पोरगी आता महिन्यातून एका रविवारी सुट्टी मिळाली की वर्गाला येते आणि साहेबाच्या खुर्चीत तीच बसते. आडनावाचा प्रश्न ती सगळ्यांना विचारते, अगदी त्या माणसाच्याच सुरात. मागच्या रविवारी धान गिरणीतला पोरगा तिच्यासमोर बसला होता. "हे आडनाव म्हणजे कोण?" तो म्हणाला, "सर, ओलावा १७ टक्क्यांच्या वर असला तर मी गाडी परत लावतो." वर्ग हसला. त्याचा कागद अजून अर्धवट आहे, गिरणीतल्या मशीनचं नाव नीट लिहून आणायला त्याला सांगितलं आहे.